साधं सुख आणि तीन मजले

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण. स्मरणिकेसाठी थोडी काटछाट करून दिले आहे.)



कार्यकारिणीने मला विषय दिला, 'निवृत्तीनंतर लहान गावातलं साधं सुख'. वेळ दिली वीस मिनिटं. आयुष्यभर बँकेत काढल्यामुळे दिलेल्या मर्यादेत राहायची सवय आहे, तेव्हा काळजी नसावी. शिवाय पुलावाचा वास मलाही येतोय.

मी प्राणायाम, सकारात्मक विचार वगैरे सांगणार नाही. ते सगळं तुमच्या मोबाईलवर रोज सकाळी फुलांच्या चित्रासकट येतंच. मी फक्त इथं राहून काय मिळतं, ते मिळायला काय लागतं आणि त्यात आपल्या सोसायटीचं काय काम आहे, एवढंच बोलणार आहे.

आपल्या सगळ्यांना एक प्रश्न नेहमी विचारला जातो. "मुलं पुण्याला, बेंगळुरूला, तुम्ही इथं साताऱ्यात काय करता? जात का नाही?" विचारणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. जे गेले त्यांचंही काही चुकलं असं मी म्हणणार नाही. नातवंडं जवळ असतात, मोठी हॉस्पिटलं जवळ असतात, रात्री दुखलंखुपलं तर माणूस हाताशी असतं. हे फायदे खरे आहेत. पण दर वर्षी महिना-दीड महिना मी मुलाकडे पुण्याला राहून येतो, आणि तिथं मला एक गोष्ट जाणवते. तिथं माझं प्रत्येक काम दुसऱ्याच्या सवडीवर असतं. केस कापायचे तर गाडी. पुस्तक पाहिजे तर गाडी. देवळात जायचं तर ट्रॅफिक बघून. मुलगा-सून हौसेने नेतात, कपाळावर आठी नसते. पण माझा दिवस माझा राहत नाही.

मी लहान गावाची व्याख्या लोकसंख्येवरून करत नाही. ज्या गावात म्हातारा माणूस कुणाला न विचारता घरातून निघतो, आपली दोन-तीन कामं करतो आणि दमायच्या आत घरी परत येतो, ते लहान गाव. सातारा अजून तसं आहे. सांगलीही बऱ्यापैकी तशी आहे.

आता आपल्या साताऱ्याचंच बघा. पेठांची नावं सांगताना आपण आठवडाच म्हणतो. त्यात चिमणपुरा, व्यंकटपुरा, यादोगोपाळ पेठ मिसळली की गाव पुरं झालं. शाहू महाराजांनी अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी हे गाव वसवलं ते माणसाच्या चालीच्या मापाने. राजवाड्यापासून मोती चौक, तिथून खाली पोवई नाका, सगळं पायाखालचं. सकाळी चार भिंतीपर्यंत चढून गेलं की अख्खं गाव खाली पसरलेलं दिसतं. आपलं घर कुठं ते शोधायचं, सापडल्यावर उगाचच बरं वाटतं. मी गेली सोळा वर्षं शोधतोय, अजून कंटाळा आलेला नाही. दम लागला तर थांबायचं. थांबल्यावर कुणीतरी येऊन विचारतंच, "काय काका, बसलात का?" बसलोय हे दिसतच असतं. पण विचारणं महत्त्वाचं.

घरी येऊन नळ सोडला की पाणी. शहराच्या पश्चिम भागातल्या लोकांना हे वेगळं सांगायला नको, पण नवीन पिढीसाठी सांगतो. कासच्या तलावातलं पाणी डोंगरावरून आपल्या उताराने गावात येतं. वरती पाऊस पडतो, तलाव भरतो आणि खाली आपण चहा ठेवतो. तलावाच्या धरणाची उंची अलीकडे वाढवली, ती गाव वाढलं म्हणून.

त्याच कासच्या पठाराला २०१२ साली पश्चिम घाटाच्या जागतिक वारसास्थळात जागा मिळाली. तेव्हापासून शनिवार-रविवारी तिकडे जत्रा असते. आपण निवृत्त लोक. आपल्याला मंगळवार आणि रविवार सारखेच. मग रविवारी तिथं जाऊन गर्दीत भर कशाला घालायची? सप्टेंबरमधल्या एखाद्या मंगळवारी जावं. तेरड्याचा गुलाबी रंग लांबूनच दिसतो. पण सीतेची आसवं बघायला खाली वाकावं लागतं. निळसर जांभळं, नखाएवढं फूल. नावाने इतकं हळवं आणि प्रत्यक्षात ती वनस्पती बारीक किडे खाऊन जगते. टोपली कारवी तर सात वर्षांनी एकदा फुलते. आमच्या वयाला हा हिशेब जरा जपून करावा लागतो. एकदा बघितली की पुढच्या खेपेची तारीख मनात धरायची आणि तोवर टिकायचं.

नातवंडं आली की त्यांना लिंबला न्यावं. बारा मोटेची विहीर. शाहू महाराजांच्या काळात, १७१९ ते १७२४ च्या सुमारास, वीरूबाईंनी ती बांधून घेतली. विहिरीच्या पोटात बसायला महाल आहे. वरती बारा मोटा एका वेळी चालतील अशी सोय आहे. माझ्या नातवाने सगळं नीट बघितलं आणि विचारलं, "आजोबा, मोट म्हणजे काय?" मी कातड्याची मोट, नाडा, सोंदूर, बैल, मागे सरत येणं, सगळं हातवारे करून सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "म्हणजे मोटर." मी म्हटलं, हो बाळा, म्हणजे मोटरच, फक्त तिला चारा लागायचा.

आता सांगलीबद्दल. नोकरीतली माझी चांगली आठ वर्षं सांगलीत गेली, ऐंशीच्या दशकात. माझी थोरली बहीणही लग्न होऊन तिथंच गेलेली, गावभागात. त्यामुळे दर महिन्याला एक खेप असतेच. सांगलीत माझं मोठं सुख म्हणजे संध्याकाळी हरिपूरच्या रस्त्याने चालणं. दुतर्फा चिंचेची जुनी झाडं, पुढे कृष्णा-वारणेचा संगम आणि संगमेश्वराचं देऊळ. हे हरिपूर म्हणजे गोविंद बल्लाळ देवलांचं गाव. त्यांचं 'शारदा' नाटक १८९९ सालचं. म्हातारपणी बोहल्यावर चढायला निघालेल्या गृहस्थाची त्यात जी फजिती आहे, ती लक्षात ठेवून आम्ही म्हाताऱ्यांनी त्या रस्त्याने मान खाली घालून चालावं हे बरं.

त्याच हरिपूर-सांगली भागात हळदीची पेवं होती. जमिनीखाली खोल खड्डे, वरून बंद केलेले. आत हळद पडून राहायची, तिला कीड लागत नसे. आमचा बँकेचा माल तारण असायचा, त्यामुळे तपासणीला जावं लागे. पेव उघडलं की लगेच आत उतरायचं नाही. आतली हवा बाहेर जाऊ द्यायची, काही तास थांबायचं. तेवढा वेळ पेवाच्या काठावर बसून चहा आणि गप्पा. नोकरीत असताना सक्तीने मिळालेली ती विश्रांती मला अजून आठवते. २००५ च्या महापुरात पाणी आत शिरून ती बहुतेक पेवं निकामी झाली. आता हळद शीतगृहात जाते. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, बेदाण्याला त्याआधीच मिळालं होतं.

सांगलीत दुसरं सुख नाटकाचं. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांच्या आश्रयाने 'सीतास्वयंवर'चा प्रयोग केला, तो सांगलीत. त्याची आठवण म्हणून ५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन. त्या दिवशी सांगलीच्या भावे नाट्यमंदिरात दर वर्षी विष्णुदास भावे गौरवपदक दिलं जातं. आणि बरोबर दोन दिवसांनी, ७ नोव्हेंबरला, आपल्या साताऱ्याचा दिवस. १९०० साली त्या तारखेला बाबासाहेब आंबेडकरांचं नाव इथल्या शाळेत, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, दाखल झालं. २०१७ पासून राज्यभर तो विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. त्यामुळे माझा नोव्हेंबरचा पहिला आठवडा ठरलेला असतो. पाच तारखेला सांगली, सहाला बहिणीकडे मुक्काम, सातला सकाळच्या गाडीने परत. त्या शाळेच्या फाटकाशी थोडा वेळ उभं राहायचं आणि मग घरी.

सांगलीला गेलं की मिरज दहा-बारा किलोमीटरवर. सतारमेकर गल्लीत जाऊन बसायला कुणी मनाई करत नाही. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून आलेले भोपळे रचून ठेवलेले असतात. कारागीर तार जुळवत असतो, एकच स्वर शंभरदा वाजवतो. मला सुरातलं फारसं कळत नाही. पण एक माणूस मन लावून काम करतोय आणि आपल्याला काही काम नाही, हे बघत बसण्यासारखं दुसरं सुख नाही. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मृतीसाठी मीरासाहेब दर्ग्यात उरुसाच्या वेळी गाणं होतं. मोठमोठे कलाकार येतात, जमिनीवर बसून ऐकायचं, तिकीट नाही.

तुम्ही म्हणाल, हा माणूस फिरतो फार, पेन्शन बरी दिसते. तसं नाही. एसटी महामंडळाने ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीच्या पुढच्यांना प्रवास मोफत केला. 'अमृत ज्येष्ठ नागरिक' असं त्याचं नाव. पासष्ट ते पंचाहत्तर अर्धं तिकीट. गेल्या वर्षी मी अमृत झालो. कंडक्टरला आधार कार्ड दाखवायचं, तो शून्य रुपयांचं तिकीट फाडून देतो. आयुष्यभर एक-एक पैशाचा मेळ घातलेल्या माणसाला शून्य रुपयांची पावती हातात घेताना सुरुवातीला कसंसंच व्हायचं. आता सवय झाली. मार्च २०२३ पासून बायकांनाही अर्धं तिकीट झालं, त्यामुळे गाडीत गर्दी असते, पण गप्पाही असतात. कऱ्हाड येईपर्यंत शेजारच्या आजींच्या तिन्ही सुनांचे स्वभाव आपल्याला पाठ होतात.

शिवाय खाण्याचं सुख ऋतूप्रमाणे आपोआप येतं. थंडीत हुरडा, कृष्णाकाठच्या वांग्यांचं भरीत, ओला हरभरा. गुऱ्हाळं सुरू झाली की गरम काकवी. पुढे तासगावची द्राक्षं. सांगलीहून येताना भडंग आणायचं, जाताना कंदी पेढे न्यायचे. डॉक्टरांनी पेढा अर्धा खायला सांगितला आहे. उरलेला अर्धा संध्याकाळी खातो. राजवाड्यावर गांधी मैदानात भेळ खाल्ली तर ती बातमी माझ्या आधी सोसायटीत पोचलेली असते. लहान गावात हा एक त्रास आहे. कुणाचं काही लपत नाही.

पण मित्रहो, याच त्रासाची दुसरी बाजू मी सांगलीत बघितली. तीच सांगण्यासाठी खरं तर मी आज उभा राहिलो आहे.

२०१९ च्या ऑगस्टमधला पूर तुम्हाला आठवत असेल. सांगलीला कृष्णेची पातळी आयर्विन पुलापाशी मोजतात. हा पूल १९२९ सालचा. तिथं ४० फूट म्हणजे इशारा, ४५ फूट म्हणजे धोका. त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. ज्या नदीच्या घाटावर आम्ही संध्याकाळी हवा खायला जायचो, ती नदी गावभागात घरांच्या आत शिरली. माझी बहीण तळमजल्यावर एकटी. तेव्हा तिचं वय पंचाहत्तर, गुडघे दुखणारे. फोन लागेना. आम्ही इथं साताऱ्यात टीव्हीसमोर बसून.

तिला वरच्या मजल्यावरच्या कुटुंबाने पाणी अंगणात येण्याआधीच वर नेलं होतं. नुसतं तिला नाही. शेजारच्या वाड्यातले दोघं, पलीकडच्या बोळातली एक बाळंतीण, तिचं बाळ, तिची आई. दोन खोल्यांत बारा माणसं, सहा दिवस. वीज नाही, पाणी मोजून. बहीण नंतर सांगत होती, त्या घरातल्या सुनेने पहिल्याच दिवशी कुणाकुणाला साखर चालत नाही, कुणाच्या गोळ्या कुठल्या, हे विचारून कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवलं. बहिणीच्या रक्तदाबाच्या गोळ्यांचा डबा कुठल्या फळीवर असतो हे त्या मुलीला आधीच ठाऊक होतं, म्हणून तो बरोबर वर आला. ठाऊक का होतं? कारण लहान गाव. एरवी आपण ज्याला 'फार चौकश्या करतात' म्हणतो, तेच.

आणि एक गोष्ट लक्षात घ्या. वरच्या मजल्यावरच्या लोकांच्या घरात पाणी येणार नव्हतं. पूर हा तळमजल्याचा प्रश्न होता. त्यांनी तसं म्हटलं नाही.

आता मी आपल्या इमारतीकडे येतो. आपली सोसायटी २००० साली नोंदली गेली. तेव्हा आपण बहुतेक सगळे पन्नाशीत होतो. तीन मजले म्हणजे काय मोठं, असं म्हणून लिफ्ट न घेता पैसे वाचवले. तेव्हाच्या हिशेबाने ते बरोबरच होतं. आपल्यातल्या कित्येकांचं कर्ज फिटायचं होतं, मुलांची शिक्षणं चालू होती. आज पंचवीस वर्षांनी परिस्थिती वेगळी आहे. आपल्या इमारतीत चार घरांत आता एकेकटंच माणूस राहतं. त्यातलं एक घर माझं. ही गेली त्याला पाच वर्षं झाली. या चारांपैकी दोघं तिसऱ्या मजल्यावर आहेत. दोन्ही आजी. त्यातल्या एक तर आपल्या भजनी मंडळाच्या मूळ संस्थापक. गेल्या दिवाळीपासून त्या किती वेळा खाली उतरल्या? मी मोजलं. तीनदा. दोनदा डॉक्टरकडे आणि एकदा मतदानाला.

मी आत्तापर्यंत ज्या सुखांची यादी वाचली, चार भिंती, मोती चौक, एसटी, हरिपूरचा रस्ता, ती सगळी रस्त्यावर आहेत. रस्त्यावर येण्यासाठी त्यांना बावन्न पायऱ्या उतराव्या लागतात आणि मग परत चढाव्या लागतात. त्यांचं गाव आता त्यांच्या गॅलरीएवढं झालंय. मग त्यांनी मुलाकडे मुंबईला जावं काय आणि इथं राहावं काय? लहान गावात राहण्याचा फायदा घरातून बाहेर पडता आलं तरच.

लिफ्टचा विषय गेल्या दोन वार्षिक सभांत निघाला आणि दोन्ही वेळा पुढे ढकलला गेला. तळमजल्यावरच्या सभासदांचं म्हणणं असं, की आम्हाला लिफ्टचा उपयोग नाही, मग आम्ही खर्च का सोसायचा? प्रश्न अगदीच गैर नाही. पैसा प्रत्येकाच्या कष्टाचा आहे. मीही तळमजल्यावरच राहतो. मला लिफ्टचा काडीचा उपयोग नाही. पण सांगलीच्या त्या दोन खोल्या आठवल्या की मला हा हिशेब मांडता येत नाही. वरच्यांनी खालच्यांसाठी दार उघडलं तेव्हा कुणाचा मजला कितवा हे बघितलं नाही. म्हणून मी आज सगळ्यांसमोर सांगतो, सभा जो काही समान हिस्सा ठरवेल तो मी पूर्ण भरणार. सवलत नको. तळमजल्यावरच्या इतरांना मी आग्रह करत नाही, फक्त विचार करा म्हणतो. तिसऱ्या मजल्यावरच्यांनीही समजून घ्यावं, की सगळ्यांची पेन्शन सारखी नाही. हप्ते पाडून देता येतील. सोसायटीचा निधी किती, कर्ज किती घ्यावं लागेल, दर महिन्याला वीज आणि देखभाल किती येईल, हे सगळं मी कागदावर मांडून सचिवांकडे देतो. एवढं काम मला अजून जमतं.

लिफ्ट व्हायला वेळ लागेल. परवानग्या, जागा, पैसा. तोवर करण्यासारख्या तीन गोष्टी आहेत आणि त्यांना सभेचा ठराव लागत नाही.

पहिली. प्रत्येक मजल्याच्या वळणावर एक छोटं बाकडं आणि जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा. चढताना मध्ये टेकायला जागा असली की माणूस खाली उतरायला घाबरत नाही. माणूस बहुतेक वेळा परत चढायच्या धास्तीनेच घरात बसतो.

दुसरी. सकाळचा पेपर किंवा दुधाची पिशवी नऊ वाजेपर्यंत दाराबाहेरच दिसली तर शेजाऱ्याने बेल वाजवायची. लाजायचं नाही. दोन वर्षांपूर्वी आपल्याच दुसऱ्या मजल्यावर काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. न्हाणीघरात पाय घसरून पडलेल्या काकांचा आवाज बाहेर येत नव्हता. समोरच्या वहिनींना दुधाची पिशवी दिसली, त्यांनी बेल वाजवली आणि त्यांच्याकडे जादा किल्ली होती, म्हणून सगळं निभावलं. काका आज समोरच बसलेत आणि टाळ्या वाजवतायत. तर एकट्या राहणाऱ्या प्रत्येकाने एक किल्ली विश्वासाच्या शेजाऱ्याकडे ठेवावी. माझी वरच्या जोशीकाकूंकडे आहे, असं नाव घेऊन मी सांगणार नाही, नाहीतर चोर ऐकतील. पण आहे.

तिसरी गोष्ट बँकवाल्याची आहे, ती ऐकून घ्याच. मन स्वस्थ नसेल तर हुरडाही गोड लागत नाही. आपले कागद नीट ठेवा. नॉमिनेशन म्हणजे मालकी नव्हे, म्हणून साध्या शब्दांत इच्छापत्र करून ठेवा. आपलं घर हयातीत भावनेच्या भरात कुणाच्या नावावर करून देऊ नका, मग ते कितीही लाडकं असो. करायचंच असेल तर 'आम्हाला सांभाळण्याच्या अटीवर' हे शब्द कागदात असू द्या. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याप्रमाणे ती अट मोडली तर असं हस्तांतरण रद्द करून घेता येतं आणि त्यासाठी प्रांताधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. फोनवर कुणी पोलीस, सीबीआय असल्याचं सांगून 'तुम्हाला डिजिटल अरेस्ट केलंय' म्हणाला तर फोन ठेवून द्या. अशी अटक कायद्यात नाही. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० ला फोन करा. आणि एरवी ज्येष्ठांच्या कुठल्याही अडचणीसाठी १४५६७ हा हेल्पलाईन नंबर आहे. हे दोन्ही नंबर मी मोठ्या अक्षरांत लिहून सूचना फलकावर लावले आहेत. चष्मा न लावता दिसतात, मी स्वतः तपासलं.

तरुण मंडळींना दोन शब्द. तुम्ही आम्हाला तुमच्याकडे बोलावता, त्यात माया आहे हे आम्हाला कळतं. कधीतरी आम्ही येऊही, कारण शरीर कुणाचं ऐकत नाही. पण जोवर आम्ही इथं आहोत तोवर दर फोनवर "कधी येताय?" एवढंच विचारू नका. "आज कुठं गेला होता?" असंही विचारा. त्याला सांगण्यासारखं उत्तर असावं म्हणून तरी आम्ही घराबाहेर पडू. आणि सुट्टीत आलात की शनिवार-रविवार कासच्या वाहनांच्या रांगेत घालवू नका. त्यापेक्षा तिसऱ्या मजल्यावरच्या त्या आजींना दोन दिवस हाताला धरून खाली आणा. चौकापर्यंत चालवा. त्यांना ओळखणारी किती माणसं रस्त्यात थांबतात ते बघा. तुमचं गाव तुम्हालाच नव्याने कळेल.

पंचवीस वर्षांपूर्वी या जागेवर खडी आणि बाभळी होत्या. आज गुलमोहर आहे, पार्किंगची भांडणं आहेत, गणपतीत आरतीला जागा पुरत नाही. हे सगळं आपण केलं. कार्यकारिणीत विनामोबदला राबलेल्या आजवरच्या सगळ्या अध्यक्ष-सचिवांचे, वॉचमनदादांचे आणि जिना झाडणाऱ्या मावशींचे मी आपल्या सर्वांच्या वतीने आभार मानतो. बावन्न पायऱ्या रोज खालपासून वरपर्यंत त्याच चढतात. लिफ्टच्या सभेत त्यांनाही बोलवा.

वीस मिनिटं झाली. सभेची तारीख येत्या महिन्यात लागेल, असं सचिवांनी आत्ताच मान डोलावून सांगितलं आहे. तेव्हा भेटू. पानं वाढली आहेत, तिसऱ्या मजल्यावरच्या दोघींची ताटं आधी वर पाठवा.